काचेकडे वळलेली खुर्ची

१

कानाच्या बाईंचा जुना संगणक एका सोमवारी सकाळी बंद पडला तो पडलाच. आधी दोन दिवस त्याचा पंखा धापा टाकत होता, पण चौदा वर्षं राबलेल्या यंत्राचं धापा टाकणं कुणी मनावर घेत नाही. बाईंनीही घेतलं नाही.

पाटीवर 'श्रवण तपासणी केंद्र' असं लिहिलेलं होतं, पण ते कुणाच्या तोंडात बसत नव्हतं, म्हणून सगळे 'कानाच्या बाईंकडे' म्हणत. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाईंची वहिनी, म्हणजे त्यांच्या दादाची बायको, वहीत पेशंटची नावं लिहून घ्यायची. पेशंटसमोर ती बाईंना 'मॅडम' म्हणे, पेशंटची पाठ वळली की 'वन्सं'. आतल्या खोलीत बाईंचं टेबल आणि टेबलासमोर पेटी. पेटी म्हणजे आवाजबंद केबिन. फ्रिजसारखं जाड दार, भिंतींना आतून फोम, टेबलाच्या बाजूला दुहेरी काच. आत एक खुर्ची, एक हेडफोन आणि वायरच्या टोकाला एक बटण. पेशंटने आत बसायचं आणि कानात बारीकसं 'टूं' आलं की बटण दाबायचं. बाहेर पडद्यावर बाईंनी आवाज सोडला की निळी रेघ उमटे, बटण दाबलं की हिरवा ठिपका. रेघेखाली ठिपका आला तर ऐकू आलं. रेघ एकटीच राहिली तर नाही. एवढ्या दोन रंगांवर बाईंनी नऊ हजार माणसांचे कान मोजले होते.

संगणकदुरुस्तीवाले दुपारी नवा संगणक घेऊन आले. कुठल्याही तक्रारीवर 'होऊन जाईल' म्हणायची त्यांना सवय. पण कानांचा जुना प्रोग्राम नव्या संगणकावर चढवायला गेले, तर पडद्यावर एकच पाटी यायला लागली, हा प्रोग्राम इथे चालू शकत नाही. चार वेळा ती पाटी आल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मॅडम, नवीन प्रोग्राम घ्या. हा फार म्हातारा झालाय."

"आणि हे नऊ हजार कान कुठे टाकू? नव्या प्रोग्रामला जुन्या फाइली उघडत नाहीत. सहा वर्षांची असताना आणलेली पोरं आता विशीची होऊन येतात माझ्याकडे. तेव्हाचं किती, आत्ताचं किती, ते कसं सांगू?"

"मग एक करू. नव्याच्या पोटात जुना संगणक बसवू. खरा नाही, नाटकातला. प्रोग्रामला वाटेल, आपण आपल्याच घरी आहोत."

"त्याला कळणार नाही?"

"त्याला काय कळतंय? दाखवू ते मानतो. फक्त तारीख जुनी ठेवावी लागेल. परवाना संपलाय, कंपनी कधीच बुडाली. आजची तारीख दिसली की हा दार लावून घेणार. म्हणून रोज त्याला एकच सकाळ दाखवायची. उघडला की तीच तारीख, तीच वेळ. तुमच्या नव्या तपासण्या बाहेरच्या कप्प्यात साठतील, त्यांची चिंता नको."

"कुठली सकाळ?"

दुरुस्तीवाले जुनी डिस्क चाळत होते. "ही एक प्रत बरी दिसतेय. सात वर्षांपूर्वीचा गुरुवार, दहा वाजून वीस मिनिटं. मीच काढलेली असणार. प्रोग्राम चालू असतानाच घाईत काढलीय बघा, पण शाबूत आहे. ही चालेल?"

"कुठलीही चालेल," बाई म्हणाल्या. त्यांना उद्याच्या अकरा पेशंटची काळजी होती.

२

मंगळवारी पहिला पेशंट बसचालक होता. त्याला नोकरीसाठी कान ठीक असल्याचा दाखला हवा होता. अंगाने दणकट, आवाजाने त्याहून. तो पेटीत शिरला आणि लगेच बाहेर डोकावला.

"मॅडम, हेडफोन डोक्यात जात नाही."

बाईंनी पाहिलं. हेडफोनची पट्टी शेवटच्या खाचेपर्यंत आत ढकलली होती, लहान मुलासाठी करतात तशी. आदल्या संध्याकाळी त्यांनी स्वतः ती मोकळी करून ठेवली होती, किंवा ठेवल्यासारखं आठवत तरी होतं. शिवाय खुर्ची काचेकडे तोंड करून होती. पेशंटला कधी काचेसमोर बसवत नाहीत, बाजूला तोंड करून बसवतात. समोर बसलं की तपासणाऱ्याचा हात दिसतो. बाईंनी खुर्ची वळवली, पट्टी ओढली, दार लावलं.

तपासणी सुरू झाली. रेघ, ठिपका. रेघ, ठिपका. मग रेघ नसताना एक ठिपका पडला. थोड्या वेळाने आणखी एक.

असं होतं. काही जण दाखला हवा म्हणून अंदाजाने दाबत सुटतात. बाईंनी माइकचं बटण दाबलं. "आवाज आला तरच दाबा हं."

"तेव्हाच दाबतोय," चालकाचा आवाज टेबलावरच्या स्पीकरमधून आला. "मॅडम, आधी कुणी बसलं होतं का इथे? खुर्ची गरम लागतेय."

"तुम्हीच पहिले आहात."

"असेल मग," तो म्हणाला.

बाईंनी त्याला बटण खुर्चीच्या हातावर ठेवायला सांगितलं, दोन्ही हात मांडीवर. त्याने ठेवले. बाईंनी चहाचा कप उचलला, एक घोट घेतला, खाली ठेवला. पडद्यावर दोन हिरवे ठिपके पडलेले होते.

वायर, त्यांनी मनाशी म्हटलं. नव्या संगणकाला जुनी वायर बसत नाही, म्हणून मध्ये कसलीशी जोडणी घातली होती. तिचाच दोष असणार. चालकाचे कान चांगले होते. ठिपके सोडून त्यांनी त्याला दाखला दिला आणि प्रोग्रामने छापलेली जुनी तारीख पेनाने दुरुस्त केली.

३

बुधवारी दुरुस्तीवाल्यांनी जोडणी बदलली. गुरुवारी बटणच नवं आणलं. दोन्ही दिवस सकाळी हेडफोनची पट्टी आत ढकललेली होती आणि खुर्ची काचेकडे वळलेली.

"वहिनी, झाडणारी बाई पेटीत जाते का हो?"

"तिला पेटीची भीती वाटते. आत गेलं की स्वतःच्या रक्ताचा आवाज ऐकू येतो म्हणते. दारापर्यंतसुद्धा जात नाही ती."

"मग खुर्ची कोण हलवतं?"

वहिनी बाईंच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होती. प्रोग्राम उघडला की आधी त्या दिवसाच्या पेशंटची यादी समोर येई. बाई ती सवयीने न बघताच मिटवून टाकत. त्या दिवशी मिटवायची राहून गेली होती.

"वन्सं, ही यादी कुठल्या दिवसाची?"

"कुठल्या तरी. सात वर्षांपूर्वीची. तारीख खोटी आहे ना आतली."

वहिनीने पडद्यावर बोट ठेवलं. पाच नावं होती. पहिल्या दोघांपुढे 'झाले' लिहिलेलं. शेवटच्या दोघांपुढे 'प्रतीक्षेत'. मधल्या ओळीत नावाच्या जागी बाईंनीच कधीतरी नुसतं 'आई' असं टाइप केलं होतं. घरच्या माणसाचं नाव, वय, पत्ता भरत कोण बसतं.

त्या ओळीपुढे लिहिलं होतं, 'आत'.

४

तो गुरुवार बाईंना आठवायचा नव्हता, पण आता न आठवून चालण्यासारखं राहिलं नव्हतं.

दादाची तक्रार होती. आई हाका मारल्या तरी उत्तर देत नाही, मुद्दाम करते, म्हणाला. मग वहिनी आईला घेऊन आली. आई एवढीशी, दोन मुठींत मावेल असं डोकं. पेटीत बसल्यावर तिने स्वतःच खुर्ची काचेकडे वळवून घेतली. बाईंना तो नियम मोडल्याचं दिसलं होतं. पण आईला काय नियम सांगायचे, आणि बाहेर दोघं खोळंबलेले. म्हणून बाईंनी कानाडोळा केला. उजवा कान तपासला. रेघ, ठिपका, रेघ, ठिपका. एकही चूक नाही. तेवढ्यात दुरुस्तीवाले प्रत काढायला आले आणि म्हणाले, मॅडम, दोन मिनिटं हात लावू नका. बाई उठून त्यांच्याशी बोलत उभ्या राहिल्या. प्रत काढताना संगणक अडकला, म्हणून खोळंबलेल्या दोघांना दुपारी बोलावलं, आणि आई वहिनीबरोबर बाजारात गेली असेल असं धरून बाई बाहेरच्या खोलीत कागद लिहायला बसल्या. डावा कान राहिला तो राहिलाच. कागदावर त्यांनी लिहून टाकलं, 'दोन्ही कान वयाच्या मानाने उत्तम.'

आई पेटीत आहे हे जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. वहिनी बाजारातून परत आली आणि तिने विचारलं, आई कुठे आहेत. दार उघडलं तर आई हेडफोन घालून, बटण हातात घट्ट धरून, काचेतून बाईंच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसली होती. पावणेतीन तास. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "मला वाटलं, अजून चालूच आहे."

तो कागद दादाने कपाटाच्या दारावर आतून चिकटवून ठेवला. त्यानंतर घरात आईचा न्यायच झाला. उत्तर दिलं नाही तर सोंग करते. टीव्हीकडे नुसती बघत बसली तर हट्ट. हळूहळू दादाने हाक मारणं सोडलं, मुलांनी सोडलं. बाई दर रविवारी जात. एकदा त्या आईला तोंडावर म्हणाल्या होत्या, "आई, माझ्या मशीनवर मी तपासलंय तुला. माझ्यापुढे तरी नाटकं करू नकोस." आई हसली होती. हो-हो म्हणून मान हलवली होती. तीन वर्षं ती अशीच हसत, मान हलवत राहिली आणि मग तापाचं निमित्त होऊन गेली.

आता बाईंनी यादीतली ती ओळ निवडून 'आत'च्या जागी 'झाले' केलं. प्रोग्रामने मुकाट्याने बदल घेतला. दुसऱ्या दिवशी उघडला तर पुन्हा 'आत'. साहजिकच होतं. त्याला रोज तीच सकाळ दाखवायची, असंच ठरलं होतं.

५

पुढच्या सोमवारी बाई तासभर आधी आल्या. पेटी रिकामी होती. त्यांनी दार लावलं, प्रोग्राम उघडला आणि ठिपक्यांची वाट बघत बसल्या.

दहा मिनिटं एकही पडला नाही. बाईंना बरं वाटलं. त्यांनी डोळ्यांवरची बट मागे सारली. ठिपका पडला.

त्या थांबल्या. मग पेन उचललं. ठिपका. खाली ठेवलं. ठिपका.

टेबल हलतं, त्यांनी स्वतःला सांगितलं. हात हलला की टेबल हलतं, टेबलाने वायर हलते. म्हणून त्या उठल्या, टेबलापासून चार पावलं मागे सरकल्या आणि खोलीच्या मधोमध उभं राहून उजवा हात हवेत वर केला. लांबूनही पडद्यावरचा हिरवा रंग दिसला. डावा हात वर केला. काही नाही. उजवा केला. ठिपका. बाई आवाज सोडतात तो उजव्या हाताने.

त्यांनी खोलीतला दिवा मालवला आणि खिडकीचे पडदे ओढले. काळोखात हात दहा वेळा वर-खाली केला. दिवा लावून बघितलं तर एकही ठिपका नव्हता.

वायरीला उजेड लागत नाही.

बाई खाली बसल्या. हात शिकलेला होता, त्याला पुढचं माहीत होतं. उजवा हात मांडीवर निश्चल ठेवून त्यांनी डाव्या हाताने, टेबलाखालून, आवाज सोडला. बारीक. मग मोठा. मग त्याहून मोठा. निळ्या रेघा एकामागून एक उमटत गेल्या, प्रत्येक एकटी. शेवटी यंत्राचा काटा टोकाला नेला. धडधाकट माणूस त्या आवाजाने हेडफोन फेकून देईल. रेघ उमटली. खाली काही नाही. मग दुसऱ्या कानालाही तसंच.

सात वर्षांपूर्वी राहिलेली तपासणी पूर्ण झाली. बाईंनी आलेख छापून घेतला. दोन्ही रेषा कागदाच्या तळाशी होत्या. आयुष्यात असे आलेख त्यांनी शंभरेक काढले असतील. अशा कानांना दारावरची थापसुद्धा ऐकू जात नाही.

आई त्यांचा हात बघून बटण दाबत होती.

६

अकराचा पेशंट त्यांनी परत पाठवला. मग वहिनीकडून तपकिरी कागद आणि चिकटपट्टी मागून घेतली आणि काच पूर्ण झाकून टाकली. त्यात त्यांचा काही विचार नव्हता. आपल्याकडे कुणी बघू नये, एवढंच वाटत होतं.

बसायला वळल्या तोच स्पीकरमधून आवाज आला. टिक.

पेटीतला माइक चालूच राहिला होता. टिक. बटणाचा आवाज. मग थोडं थांबून टिक, टिक. मग न थांबता टिकटिकटिकटिक. पडद्यावर हिरव्या ठिपक्यांची सलग माळ सरकत चालली. वर एकही निळी रेघ नाही. हात दिसेनासा झाला होता, तेव्हा आता प्रत्येक क्षणाला दाबायचं. एखादा तरी बरोबर येईल. वहिनी दारात येऊन उभी राहिली.

"काढा तो कागद," ती म्हणाली.

"वहिनी, ते वायरीतलं..."

"काढा म्हणते ना."

खुर्चीचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला. मग टिकटिक थांबली, आणि माइकमधून फक्त श्वास ऐकू येऊ लागला. तोंड उघडं ठेवून घेतलेला, म्हाताऱ्या माणसाचा, अगदी जवळून.

बाईंनी कागद टराटरा फाडला.

पेटीत कुणी नव्हतं. पण हेडफोन खुंटीवर नव्हता. त्याची वायर काचेच्या दिशेने ताणलेली होती आणि हेडफोन काचेपासून वीतभर, छातीच्या उंचीवर होता. दोन्ही गाद्या एकमेकींपासून फाकलेल्या, मध्ये काहीतरी असल्यासारख्या. काचेवर आतून वाफेचा गोल होता, हाताच्या तळव्याएवढा. तो आक्रसत गेला, पुन्हा वाढला.

बाईंच्या हातातून फाटका कागद निसटला, तो धरायला त्यांचा हात हलला.

टिक, स्पीकर म्हणाला.

मग हेडफोन खाली पडला.

७

दोघी बाहेरच्या खोलीत बसल्या. पाटी उलटी करून 'बंद' केली होती. वहिनीने पाणी दिलं. बाईंनी आलेख पुढे केला. वहिनीला तो वाचता येत नव्हता, पण तिने विचारलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं," बाई म्हणाल्या.

"मी घरात होते त्यांच्याबरोबर. तुम्ही रविवारच्या."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? तुमच्या दादांना सांगितलं, तर कपाट उघडून कागद दाखवला. म्हणे, शिकलेली बहीण खोटी आणि तू खरी? तुम्हाला एकदा म्हटलं होतं, वन्सं, एकदा परत बघा. तुम्ही काय म्हणालात, आठवतं?"

बाईंना आठवत होतं. मशीन खोटं बोलत नाही, असं म्हणाल्या होत्या.

"तिने मलाच का फसवावं? दुसऱ्या कुणाला नाही, मला? मी कानाचं यंत्र दिलं असतं तिला, काहीतरी कानावर पडलं असतं."

"फसवलं कुठे? त्यांना ती परीक्षा वाटली. लेकीसमोर नापास कसं व्हायचं? घरी आल्यावर खूश होत्या. मला म्हणाल्या, एकही चुकलं नाही माझं." वहिनीने आलेख बाईंकडे परत सरकवला. "मी त्यांना हाक नाही मारायची. जवळ जाऊन खांद्याला हात लावायचे, मग वळायच्या. एवढंच लागत होतं. तेवढं तर बिनशिकलेल्या माणसालाही येतं."

बाईंनी दुरुस्तीवाल्यांना फोन लावला आणि आतली तारीख एक दिवसाने पुढे टाकता येईल का, विचारलं. शुक्रवारची टाकता येईल का.

"होऊन जाईल," ते म्हणाले. "उद्या अकराला येतो."

फोन ठेवल्यावर वहिनी म्हणाली, "आणि त्या तिथेच?"

८

मंगळवारी दोघी साडेनऊला आल्या. बाईंची रात्र डोळ्याला डोळा न लागता गेली होती आणि त्यांचं ठरलं होतं. आईला बाहेर काढायचं. पावणेतीन तासांनी का होईना, त्या दिवशी तिला कुणीतरी दार उघडून बाहेर काढलं होतं. या सकाळी मात्र काढणारं कुणी येत नव्हतं. सकाळ दहा वाजून वीस मिनिटांच्या पुढे सरकतच नव्हती, आणि सरकली तरी दुसऱ्या दिवशी मागे येत होती.

प्रोग्राम उघडला. वहिनी पडद्यापाशी बसली. बाईंनी पेटीचं जाड दार सताड उघडलं, आणि वळसा घालून काचेसमोर आल्या.

"आई," त्या म्हणाल्या. कुणासाठी म्हणाल्या, त्यांनाच माहीत. मग उजवा हात उचलून, बोटं स्वतःकडे वळवून, त्यांनी खूण केली. ये. बाहेर ये.

"ठिपका पडला," वहिनी म्हणाली.

बाईंनी पुन्हा खूण केली. दाराकडे हात केला, मग स्वतःकडे. ये, झालं, संपलं.

"दोन पडले."

"आई, संपलं गं. तपासणी नाहीये ही." हात जोरात हलत होता. "ऊठ. चल घरी."

"पडतायत," वहिनी म्हणाली. "हात थांबवा, वन्सं. त्यांना वाटतंय, तुम्ही आवाज सोडताय."

बाईंनी हात खाली घेतला. स्पीकरमधली टिकटिक थांबली. जे कुणी आत होतं ते लक्ष देऊन थांबलं होतं, पुढच्या खुणेची वाट बघत, एकही चुकू नये म्हणून.

"आत जा," वहिनी म्हणाली. "खांद्याला हात लावा."

"तुम्ही लावा ना. तुम्हाला सवय आहे."

"मी तीन वर्षं लावला."

बाई दारापाशी गेल्या. उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं तसा बाहेरचा रस्ता, पंखा, वहिनीचा श्वास, सगळं कापसात बुडालं. खुर्ची पाठमोरी नव्हती, बाजूने दिसत होती. बसायच्या गादीला मधोमध खळगा पडलेला होता, आणि बाईंच्या डोळ्यांदेखत तो थोडा सरकला, माणूस वजन या बाजूचं त्या बाजूला करतो तसा. खळग्याच्या वर काहीच नव्हतं. बाईंनी खांदा असेल त्या उंचीवर हात नेला.

हाताला ऊब लागली. चारेक बोटांवरूनच. ती नुसती बसलेल्या माणसाची ऊब नव्हती. ताप भरलेल्या अंगाची होती. शेवटच्या रविवारी बाईंनी दारातूनच विचारलं होतं, बरं वाटतंय ना? आईने मान हलवली होती, आणि बाई परत फिरल्या होत्या. तो ताप त्यांनी कधी हाताने बघितला नव्हता.

चार बोटांचं अंतर. बाई तिथे किती वेळ उभ्या होत्या, ते वहिनीने मोजलं नाही. पेटीच्या मुक्या भिंतीत आपल्याच रक्ताचा धबधब आवाज त्यांच्या कानांत भरत गेला. खळगा पुन्हा हलला. या वेळी तो त्यांच्या बाजूला हलला. कुणीतरी त्यांच्याकडे वळत होतं.

बाईंनी हात मागे घेतला.

जिन्यावर पावलं वाजली. "मॅडम, आलो का वेळेवर?" दुरुस्तीवाल्यांचा आवाज आला. बाई बाहेर आल्या आणि सवयीने, किंवा सवयीने नसेलही, त्यांनी पेटीचं दार ढकललं. ते दार जड असतं. एकदा ढकललं की आपणच जाऊन बसतं, आणि बसताना हवा ओढल्याचा बारीक आवाज होतो. वहिनी उभी राहिली, तिने बाईंकडे पाहिलं आणि ती बाहेरच्या खोलीत निघून गेली.

दुरुस्तीवाल्यांना अर्धा तास लागला. शुक्रवार उघडला. यादीत सात नावं होती, सगळी परक्यांची. बाईंनी काचेसमोर हात हलवून बघितला. पडदा कोरा राहिला. खुर्ची वळवली, ती वळलेलीच राहिली.

"बघा, झालं की नाही," दुरुस्तीवाले बॅग आवरत म्हणाले. "ती गुरुवारची प्रत काय करू? पुसून टाकू? उगाच जागा अडवते."

बाई म्हणाल्या, "बंद असताना त्यात काही चालू राहतं का?"

"छे. गोठल्यासारखं असतं ते. दहा वर्षांनी उघडा नाहीतर उद्या उघडा, तिथूनच पुढे. आत जे असेल त्याला वाटणार, तुम्ही आत्ताच हात बाजूला घेतलात."

बाहेरच्या खोलीत वहिनी वहीत कुणाचं तरी नाव लिहून घेत होती. लिहिता लिहिता ती थांबल्याचं बाईंना ऐकू आलं.

"राहू द्या मग," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला आत पाठवायला सांगितलं.